भिंतीतून येणारा माणूस

दार नाहीसं करायचं काम आल्वारने एका शनिवारी सकाळी सुरू केलं. आधी त्याने दाराजवळची बुटांची मांडणी हलवली, पायपुसणं गुंडाळलं, कोट अडकवायच्या खुंट्यांचे स्क्रू काढले आणि भिंतीत राहिलेली भोकं लांबी भरून बुजवली. लांबी वाळेपर्यंत तो स्वयंपाकघरात जाऊन बायकोबरोबर कॉफी प्यायला.

"आज काय काढलंयस?" गुन्वोरने विचारलं.

"रंग काढलाय."

"कुणाकडे?"

"आपल्याच घरी."

"मग कॉफी तरी वेळेवर मिळेल," ती म्हणाली आणि स्वतःच हसली. तिचा दिवस चांगला होता.

दोघांचं आयुष्य रंगात गेलं होतं. तो रंगारी, आणि ती बंदराजवळच्या रंगाच्या दुकानात गल्ल्यामागे उभी राहून लोकांना रंग निवडून देणारी. हॅर्नोसांद या त्यांच्या गावातल्या निम्म्या बैठकीच्या खोल्या तिने निवडलेल्या होत्या, असं म्हटलं तरी चाललं असतं. लोक यायचे आणि म्हणायचे, काहीतरी उबदार द्या. गुन्वोर आधी विचारायची, खिडकी कुठल्या दिशेला आहे आणि तुम्ही त्या खोलीत बसता कधी. मग तीन भिंतींना तो नेहमीचा पांढरा आणि चौथी उठावाची. कुणाला गडद गेरू, कुणाला शेवाळी, एका घटस्फोटित दंतवैद्याला जांभूळ. उठावाची भिंत नेमकी कुठली घ्यायची हे तिला खोली न पाहता कळायचं. त्या पांढऱ्याला ती पांढरा म्हणत नसे. शून्य-पाच-शून्य-दोन, ती म्हणायची. काळेपणा पाच, रंग दोन, आणि तोही पिवळ्याकडे झुकलेला. आता मुलीचं नाव तिला कधी आठवायचं, कधी नाही. आकडे मात्र सगळे जागेवर होते.

ती दोनदा घरातून निघून गेली होती. पहिल्यांदा सापडली ती त्या जुन्या दुकानापाशी, जिथे आता मोबाइल दुरुस्त करून मिळतात. बंद शटर वाजवत होती. दुसऱ्यांदा नोव्हेंबरात, पुलावर, नुसत्या मोज्यांवर. पारा उणे नऊवर होता. एका बसच्या ड्रायव्हरने गाडी थांबवून तिला आत घेतलं म्हणून पायाची बोटं वाचली. त्यानंतर नगरपालिकेच्या बाई घरी आल्या, केक खाल्ला, कॉफीचं कौतुक केलं आणि म्हणाल्या, "पुन्हा असं झालं तर आपल्याला दुसरा विचार करावा लागेल."

दुसरा विचार म्हणजे खाडीपलीकडचा बंद वॉर्ड. तिथल्या दारांना आकडे दाबावे लागतात.

आजाराला पहिल्यांदा नाव मिळालं त्या दिवशी, इस्पितळाच्या बाहेर गाडीत बसल्यावर, गुन्वोर म्हणाली होती, "जिथे आकडे दाबल्याशिवाय दार उघडत नाही तिथे मला ठेवू नकोस." आल्वार म्हणाला होता, "नाही ठेवणार." एवढंच बोलणं झालं होतं. मग त्याने गाडी सुरू केली होती.

घराला बाहेरून कुलूप घालायची परवानगी नव्हती. बाईंनी ते स्पष्ट सांगितलं होतं, आणि आग लागली तर काय हे आल्वारला सांगायची गरज नव्हती. रंगाबद्दल मात्र कोणी काही बोललं नव्हतं.

ही युक्ती त्याने कामावर पाहिली होती. निवृत्त झाल्यावरही जुनी मंडळी कधीमधी हात कमी पडला की बोलवायची. गेल्या वसंतात शेजारच्या गावातल्या एका वृद्धाश्रमात, विसरणाऱ्या माणसांच्या मजल्यावर, काम निघालं होतं. संडासाची दारं लालभडक करायची होती आणि बाहेर जायचं दार भिंतीसारखंच. तिथला एक जुना बोटीवरचा माणूस दिवसभर त्या दाराची मूठ खडखडवायचा. रंग वाळल्यावर तो दारावरून हात फिरवत पुढे गेला, थांबला नाही. दाराची कड कुठेच दिसत नव्हती. काम चांगलं उतरलं म्हणून आल्वारला त्या दिवशी बरं वाटलं होतं.

डोळा रंग नंतर पाहतो, कड आधी. जिथे उजळ संपून गडद सुरू होतं तिथे तो अडखळतो, आणि मेंदू म्हणतो, इथे काहीतरी आहे. म्हातारपणी डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं, फिके फरक विरून जातात, फक्त ढोबळ फरक उरतात. ज्या मेंदूला आठवणीतून मदत मिळत नाही तो पूर्णपणे या कडांवर विसंबून असतो. कड काढून घेतली की वस्तू गेली.

कॉफी संपवून आल्वार कामाला लागला. दाराचा जुना हिरवा रंग पॉलिश पेपरने घासून त्याची चमक मारली. बाहेर बघायचं भिंग आणि टपालाची फट बुजवली. मूठ काढून तिथे दाराच्या पृष्ठभागात बसणारी सपाट कडी बसवली. खालची लाकडी पट्टी भिंतीवरून तशीच दारावर ओढली आणि सांध्यावर अगदी बारीक कापली. मग चौकट, दार, पट्टी, कडी, सगळ्यावर शून्य-पाच-शून्य-दोनचा पहिला हात दिला.

दुसऱ्या हाताच्या वेळी गुन्वोर स्टूल घेऊन येऊन बसली. बराच वेळ ती नुसती बघत होती.

"अरे, दिसतंय ते," ती म्हणाली.

"काय दिसतंय?"

"दार. तू दाराला अर्धचमकीचा रंग घेतलास आणि भिंतीला मॅट. स्वयंपाकघरातून उजेड येतो तो तिरका येतो. दार चमकणार."

आल्वारने रोलर खाली धरला. तिचं म्हणणं बरोबर होतं. सवयीने त्याने लाकडासाठी लाकडाचा डबा उघडला होता.

"न चमकलं तर बरं का?" त्याने विचारलं.

"मला काय विचारतोस? गिऱ्हाइकाला काय हवंय?"

"दार लपवायचंय."

"मग नीट लपव. सगळीकडे मॅट घे. आणि रोलर आडवा फिरवू नकोस, भिंतीवर उभा फिरवलायस." ती पुढे वाकली. "त्या वरच्या कोपऱ्यात बघ, चौकटीची सावली पडतेय. तिथे लांबी भर आणि कोपरा गोल कर."

त्याने कोपरा गोल केला. ती सांगत गेली तसा तो करत गेला. दुपारपर्यंत दार गेलं.

दुसऱ्या दिवशी त्याने संडासाचं दार लाल केलं आणि बैठकीच्या खोलीतली खिडकीसमोरची भिंत गेरू. तिची खुर्ची तिथे नेऊन ठेवली. सोमवारी सकाळी गुन्वोर उठली, कोट घातला आणि बोळात गेली. आल्वार स्वयंपाकघरातून बघत होता. तिने भिंतीवर हात ठेवला आणि हाताला भिंत सोडू न देता ती टोकापर्यंत गेली. तिथून परत फिरली. मग बैठकीच्या खोलीत येऊन गेरूच्या भिंतीशेजारी कोट घालूनच बसली.

"छान रंग आहे," ती म्हणाली.

आल्वारने बेसिनचा नळ सोडला आणि बराच वेळ कप विसळत राहिला.

मुलगी ओसा शनिवारी उमेओहून आली. आत आली तेव्हा तिला काही वाटलं नाही, कारण बाहेरून दार दारच होतं. जाताना मात्र ती बॅग खांद्यावर टाकून बोळात उभी राहिली आणि कडी कुठे आहे ते तिला सापडेना.

"पप्पा, तू मम्माला भिंतीत चिणलंयस."

"कुलूप नाहीये. कधीही उघडता येतं."

"कुणाला? मलाच नाही येत."

"डावीकडे. अजून डावीकडे. आता ओढ."

दार उघडलं. जिन्यातला गार वारा आत आला. ओसा उंबऱ्यावर थांबली.

"तिला माहीत नाही की दार आहे."

"तेच तर करायचं होतं."

"आणि तुला बरं वाटतं?"

"पुलावरून तिला आणलं तेव्हा तू तिचे पाय पाहिले नव्हतेस." तो हळू बोलत होता, कारण गुन्वोर आत होती. "त्या वॉर्डात तरी काय असतं? आकड्यांचं दार असतं. इथे निदान मी असतो."

ओसाने त्याच्या गालाला गाल लावला आणि गेली. दार बंद झालं आणि पुन्हा भिंत झाली.

आल्वारच्या डोक्यात एकच गोष्ट राहिली होती, ती म्हणजे बूट. दाराशी बूट दिसले की तिथे दार आहे हे कुणालाही कळतं. पायपुसणं नको, कोट नको, तसे बूटही नकोत. म्हणून तो बाजारातून आला की बूट जिन्यातच काढायचा, पिशवीत घालून बाहेरच्या मीटरच्या कपाटात ठेवायचा, कोट हातावर घ्यायचा आणि मोज्यांवर आत यायचा. बूट घालून घरात यावं हे त्याला तेव्हा सुचलंच नाही. त्या गावात तसं कोणाच्याच घरात कोणी येत नाही. प्लंबरसुद्धा येत नाही.

पहिल्यांदा जे झालं ते साध्या दुपारी झालं. तीन वाजले होते, बाहेर अंधार पडला होता. गुन्वोर बोळातल्या स्टुलावर बसली होती. आल्वारने दार हळूच ढकललं, आत आला आणि मागे दार लावून घेतलं. तेव्हा त्याला ती दिसली. तिने तोंड उघडलं होतं, पण आवाज निघत नव्हता. मग निघाला.

तो तिच्याकडे गेला तर ती मागे सरकली, स्टूल पडलं. तिने हाताला लागलेली छत्री उचलून त्याच्या खांद्यावर मारली. "जा! आत जा परत!" ती ओरडत होती. खालच्या मजल्यावरच्यांनी छताला काठी ठोकली.

अर्ध्या तासाने ती शांत झाली आणि त्याने दिलेली बिस्किटं कॉफीत बुडवून खाल्ली. त्याला वाटलं, विसरली.

दुपारी घरकामाला नगरपालिकेची सेमहार यायची. इरिट्रियाहून आलेली, तिशीची, मोठ्या आवाजाची बाई. आल्वारने तिला विचारलं, "तुलाही घाबरते का?"

"घाबरतात की. मी जिन्यापासून गाणं म्हणत येते, तरी दचकतात." सेमहार चादर झटकत होती. "पण माझं वेगळं आहे, आल्वार. मी भिंतीतून आले काय आणि छतातून पडले काय, मी परकीच. मला त्यांनी ओळखावं असं काही नाही. तुम्हाला नाही ओळखलं तर तुम्ही काय करणार?"

"मी काय करणार?"

"तेच तर मी विचारलं," ती म्हणाली.

त्या आठवड्यात एका संध्याकाळी ते दोघं गेरूच्या भिंतीशेजारी बसले होते. टीव्हीवर स्कीच्या शर्यती चालल्या होत्या. गुन्वोर त्याच्याकडे वळली, आवाज खाली आणून म्हणाली, "तो आज परत आला होता."

"कोण?"

"भिंतीतला. मोजे घालून येतो. पाऊल वाजत नाही."

"दिसायला कसा आहे?"

तिने विचार केला. "म्हातारा आहे. तुमच्यासारखाच."

आल्वारने टीव्हीचा आवाज बंद केला. लग्नाला चाळीसहून जास्त वर्षं झाली होती. या सगळ्या काळात तिच्या तोंडून त्याच्यासाठी 'तुम्ही' निघालं होतं ते एकदाच, लग्नाच्याही आधी, दुकानात, तो पहिल्यांदा आला होता तेव्हा. "तुम्हाला किती लिटर हवाय?" असं तिने विचारलं होतं.

"गुन्वोर," तो म्हणाला, "मी कोण आहे?"

तिला संकोच वाटला, पार्टीत नाव न आठवणाऱ्या माणसाला वाटतो तसा. "तुम्ही मदतीला येता. खूप चांगले आहात तुम्ही. आल्वार आला की मी त्याला सांगणार आहे तुमच्याबद्दल."

"आल्वार कुठे गेलाय?"

"कामावर. उशीर झालाय त्याला." ती बोळाकडे बघत होती. तिथे सगळीकडे पांढरी भिंत होती. "खूपच उशीर झालाय. पण येणार तरी कुठून?"

त्या रात्री आल्वारने गोष्ट उलटसुलट करून पाहिली. आपल्याला काय हवं होतं? ती घरात राहावी. ती घरात होती. आणि तो? रोज सकाळी तो पलंगावर तिच्याशेजारी उठायचा तेव्हा ती त्याला ओळखायची, 'तू' म्हणायची, पाठ खाजवून घ्यायची. एकदा बाहेर जाऊन आला की मात्र आल्वार बाहेरच राहायचा आणि आत कोणी दुसरा यायचा. बाहेरून येणाऱ्या नवऱ्याला तिच्या डोक्यात एक वाट होती: दार उघडायचं, बूट काढायचे, खुंटीवर कोट, मग हाक. ती सगळी वाट त्याने लांबी भरून बुजवली होती.

म्हणून त्याने दुसरं करून पाहिलं. बूट घालूनच आत यायचं, पाय आपटायचे, आणि आत येण्याआधी जिन्यातून मोठ्याने हाक मारायची. आपला आवाज तर ती ओळखतेच.

बुधवारी तो दूध आणि मासे घेऊन आला. सेमहार नुकतीच गेली होती. दाराबाहेर उभं राहून त्याने हाक मारली, "गुन्वोर! मी आलो गं!"

आत काहीतरी पडलं. त्याने पुन्हा हाक मारली आणि कान दिला. खरवडल्याचा आवाज येत होता. रंगाऱ्याला तो आवाज झोपेतही कळतो.

त्याने दार ढकललं ते स्टुलाला अडलं. स्टूल समोरच्या भिंतीला टेकलं होतं; बराच वेळ खांद्याने रेटल्यावर तो आत शिरला. दारापासून हातभर अंतरावर गुन्वोर गुडघ्यांवर बसली होती. तिच्या हातात त्याचाच खरवडायचा पत्रा होता. पांढरा रंग गेला होता, प्लास्टर गेलं होतं, आणि मधोमध ताटलीएवढं काँक्रीट उघडं पडलं होतं. तिच्या बोटांची टोकं फुटली होती. भिंतीवर लाल पुसटसे फराटे होते.

ती घाबरली नाही. वर बघून म्हणाली, "बरं झालं आलात. तुम्ही रंगारी ना?"

"हो."

"मग या, हात लावा. माझा नवरा आत अडकलाय. त्याला आत ठेवूनच कोणीतरी रंग मारलाय."

"गुन्वोर, मीच आहे. मीच बोलत होतो."

"श्श. बोलू नका. त्याचं ऐकू येईना." तिने कान काँक्रीटला लावला. "आत्ता दोनदा हाक मारली त्याने. आता थांबलाय. थकला असेल."

आल्वारने मागे दार लावून पिशवी खाली ठेवली. तिच्या शेजारी गुडघे टेकले आणि तिच्या हातातून पत्रा घेतला. तिने तो लगेच दिला, जाणत्याच्या हाती हत्यार द्यावं तसा. त्याने भोकाला हात लावला नाही. तो हातभर डावीकडे सरकला, बोटांनी चाचपून सांधा शोधला आणि पत्र्याचं टोक त्यात घातलं. लांबीचा तुकडा उडाला. वरून खाली त्याने सांधा मोकळा करत आणला, मग दुसरी बाजू, मग वरचा गोल केलेला कोपरा. रंगाची पापडी निघाली तिथे खालचा हिरवा दिसायला लागला. हिरव्याची एक उभी रेघ, मग आडवी, मग तिसरी.

गुन्वोर मागे सरकून बघत होती.

"अय्या, इथे दार होतं?"

"हो."

"आणि कुणी लपवलं ते?"

"एका रंगाऱ्याने."

तिने उघड्या झालेल्या कडेवरून अंगठा फिरवला. रक्ताचा ठिपका तिथे राहिला. "काम चांगलं केलंय हो," ती म्हणाली. "कड सापडतच नव्हती."

आल्वारने तिला न्हाणीघरात नेलं, बोटं धुतली, एकेका बोटाला पट्टी लावली. ती मुकाट्याने हात पुढे करत होती. मासे त्या दिवशी बोळातच राहिले.

सकाळी ती उठली तेव्हा त्याने तिला रंगांच्या नमुन्याच्या पट्ट्यांचा पंखा दिला, तो दुकानातला जुना, कोपरे झिजलेला. बघितल्याबरोबर तिने हिरव्याची पट्टी काढून दिली. दुपारपर्यंत दार हिरवं झालं. मूठ, पायपुसणं, खुंट्या, बूट, सगळं जागेवर आलं. भोकात त्याने लांबी भरली, पण वरून रंग मारायचं राहून गेलं. मग तो कोट घालून बाहेर गेला, जिन्यात थोडा वेळ उभा राहिला आणि आत आला. पायपुसण्यावर पाय घासले. बूट काढले. कोट खुंटीला लावला.

"आलो गं."

गुन्वोर स्वयंपाकघरातून धावतच आली. "कुठे होतास तू? किती दिवस झाले! सांगून जायचं नाही का?" तिने पट्ट्या बांधलेल्या हातांनी त्याचा चेहरा धरला. "गार पडलायस नुसता."

त्याने तिचे हात तसेच गालांवर धरून ठेवले.

पुढच्या आठवड्यात, तो दाढी करत असताना, ती खाली रस्त्यापर्यंत पोचली होती. सपाता घालून, हातात पंखा. शेजारणीने परत आणली. आल्वारने तोंडावरचा साबण पुसला आणि नगरपालिकेच्या बाईंना स्वतःच फोन लावला.

"दार परत दिसायला लागलंय," तो म्हणाला.

"म्हणजे?" बाईंना काही कळलं नाही.

"म्हणजे ती बाहेर जाणार. मी झोपतो, दाढी करतो, म्हातारा आहे मी. जागा बघा."

"तुम्हाला खात्री आहे ना? मागच्या वेळी तुम्ही अगदी ठामपणे..."

"जागा बघा," तो म्हणाला.

ओसाला सांगितलं तेव्हा ती फोनवर रडली आणि मग म्हणाली, "पप्पा, दार परत लपव ना. नाहीतर मी येते, मी राहते थोडे दिवस."

"थोडे दिवस तू राहशील. आणि मग?"

"पण तू तिला कबूल केलं होतंस."

"हो, केलं होतं."

"मग?"

"दार दिसलं तर ती जाते. नाही दिसलं तर मी येऊ शकत नाही. तिसरा रंग असता तर तुझ्या आईलाच माहीत असता, ओसा. तिला विचारून झालंय."

जागा मिळेपर्यंतचे दिवस आल्वारने एकाच कामात घालवले. तो बाहेर जायचा आणि आत यायचा. कचरा टाकायला, टपाल बघायला, तळघरातल्या धुलाईच्या खोलीत मशीन लावायला. काम नसलं तरी जायचा. जिन्यात हिरव्या दाराला पाठ लावून उभा राहायचा, आत कान देऊन, ती मुठीला हात घालेल तर कळावं म्हणून. समोरची शेजारीण एकदा दार उघडून म्हणाली, "किल्ली विसरलात का?" तो म्हणाला, "नाही, आत्ता आत जातोच आहे." आणि आत गेला की बूट, कोट, हाक. आणि गुन्वोर यायची. कधी रागावलेली, कधी डोळे भरलेली, एकदा तर नुसतीच, "आलास? बटाटे सोल." सेमहारने दोनदा त्याला असं येताना पाहिलं. दुसऱ्यांदा ती स्वयंपाकघरात गेली आणि तिथलं दार लावून घेतलं.

पण हेही झिजत चाललं होतं. सुरुवातीला प्रत्येक वेळी ओळखायची, मग पाचातून तीनदा. एकदा तिने दुरूनच हात केला, पोस्टमनला करतात तसा.

न्यायच्या दिवशी सकाळी बर्फ पडून थांबलं होतं. ओसा गाडी घेऊन आली होती, खाली इंजिन चालू ठेवून बसली होती. आल्वारने गुन्वोरला कोट घातला, टोपी घातली, बोळातल्या स्टुलावर बसवलं आणि तिची बॅग खाली नेऊन गाडीत ठेवली. ओसाने खिडकी खाली करून विचारलं, "मी येऊ का वर?"

"नको. मी आणतो."

तो जिने चढून आला. बाहेर क्षणभर थांबून दम घेतला, कारण धापा टाकत आत जायचं नव्हतं. मग मूठ फिरवली. पायपुसण्यावर बर्फ झटकलं. लगेच परत जायचं होतं, तरी त्याने बूट काढले. कोट काढून खुंटीला लावला.

"आलो गं," तो म्हणाला.

गुन्वोरने वर पाहिलं. चेहऱ्यावर भीती नव्हती. ती थोडी सरकली, स्टुलावर एवढीशी जागा केली.

"आल्वार घरी नाहीये हो," ती म्हणाली. "आत्ताच बाहेर गेलाय. बसा ना."

तो बसला. स्टूल एकाच माणसाचं होतं. त्याचा अर्धा भार भिंतीवर होता, न रंगवलेल्या लांबीच्या गोलावर.

"बूट काढलेत ते बरं केलंत," ती म्हणाली. "फरशी आत्ताच पुसलीय."

"हो."

खाली ओसाने एकदा हॉर्न वाजवला, हळूच. दोघंही समोरच्या हिरव्या दाराकडे बघत होते.

"लांब गेला नसेल," गुन्वोर म्हणाली. "तुम्हाला घाई नाही ना?"

"नाही," आल्वार म्हणाला. "मला काही घाई नाही."